तबकडीचा कागद

काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हाच्या माझ्या वाचनातल्या मृत्युलेखांत कल्याणपलीकडचा श्रोता नव्हता. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी माणसाचे गाव सीमेपलीकडे राहिले. मास्टर चंदर यांच्या तबकडीत त्याला तिथली बोली भेटे. गाणे आज मोबाइलवरही मिळते. हरवतो तो तबकडीवरचा कागद: गायक, कंपनी, क्रमांक, आणि तो वाचून ‘दुसरी बाजूही ऐका’ म्हणणारा दुकानदार. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने हीच नोंद अभ्यासाचा विषय केली. दुकानाचे खरे काम तिथे टिकले, असे मी मानतो. अंबरनाथ-बदलापुरात जुने घर आवरताना तबकडी भंगारात देण्याआधी निदान तिचा कागद उतरवून घ्यावा.