काचेच्या पेटीतलं देऊळ

क्योटोला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक फोटो सारखाच असतो. पुढे तळं, तळ्याच्या काठावर तीन मजली सोनेरी इमारत, मागे झाडी आणि पाण्यात या सगळ्याची उलटी छबी. किंकाकुजी. माझ्याकडेही तो आहे. तो काढला तेव्हा मला काय वाटलं, हे कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की काहीच वाटलं नाही.

क्योटो स्टेशनवरून २०५ नंबरची बस पकडली, खचाखच भरलेली. पाचशे येनचं तिकीट काढलं. ते तिकीट म्हणजे आपल्याकडच्या अंगाऱ्याच्या पुडीइतकंच पवित्र, मंत्र लिहिलेला लांब कागद. आत शिरलं की वाट एकच, सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं. थोड्याच वेळात तळं येतं आणि समोर ते दिसतं. सगळे थांबतात, फोन वर करतात, मागच्याला जागा देऊन पुढे सरकतात. इमारतीच्या आत जाता येत नाही. पाऊण तासात मी बाहेर होतो, हातात माचा आइस्क्रीम.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे टेस्ट लिहिताना अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवतात. प्रोग्रॅमचं उत्तर त्याच्याशी जुळलं की हिरवी खूण, नाही जुळलं तर लाल. हिरवी खूण आली की कुणी त्या उत्तराकडे पुन्हा बघत नाही. त्या दिवशी तळ्याकाठी मी तेच करत होतो. इन्स्टाग्रामवर शंभरदा पाहिलेलं चित्र डोक्यात होतं, समोरचं त्याच्याशी जुळलं, हिरवी खूण, पुढे चला.

परत आल्यावर युकिओ मिशिमाची ‘द टेम्पल ऑफ द गोल्डन पॅव्हिलियन’ वाचली, आयव्हन मॉरिसच्या इंग्रजी अनुवादात. वाटलं, या बाबाने माझी तक्रार १९५६ सालीच लिहून ठेवली आहे. फक्त त्याच्या नायकाची टेस्ट लाल आली होती.

मिझोगुची हा जपानी समुद्राच्या काठावरच्या एका दूरच्या टोकाला वाढलेला, तोतरा, एकलकोंडा पोरगा. बाप गावातल्या देवळाचा पुजारी. बापाने लहानपणापासून एकच गोष्ट कानात भरलेली : जगात किंकाकूइतकं सुंदर काही नाही. पोराने ते पाहिलेलं नसतं, त्यामुळे मनातलं किंकाकू वाढतच जातं. मग एक दिवस बाप त्याला क्योटोला नेतो. आणि पोरगा बघतो तर समोर एक जुनाट, काळवंडलेली तीन मजली इमारत. सुंदर वाटण्याचा तो आटोकाट प्रयत्न करतो, पण जमत नाही.

आता कादंबरीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली जागा. इमारतीच्या आत काचेच्या पेटीत किंकाकूचीच एक छोटी प्रतिकृती ठेवलेली असते. ती मात्र त्याला आवडते, कारण ती मनातल्या चित्राच्या जास्त जवळ आहे. खरी इमारत चहूबाजूंनी उभी असताना हा मुलगा काचेतल्या खेळण्यापाशी रमतो. घरी परतल्यावर हळूहळू मनातलं किंकाकू पुन्हा सुंदर होऊ लागतं, कारण आता खरं किंकाकू मध्ये यायला समोर नसतं. फोन हातात घेऊन पर्यटनस्थळी उभ्या राहिलेल्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मोबाइल फोनच्या कितीतरी आधीचं आहे, तरीही.

पुढे तो त्याच देवळात शिकाऊ भिक्षू होतो. युद्ध चालू असतं. क्योटोवर बाँब पडतील, आपण आणि किंकाकू एकाच आगीत जाऊ, या विचाराने त्याला पहिल्यांदा त्या इमारतीबद्दल जवळीक वाटते. पण क्योटो बहुतांशी वाचतं. (अणुबाँबच्या संभाव्य लक्ष्यांच्या यादीत ते होतं, अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी आग्रहाने काढायला लावलं.) युद्ध संपतं आणि किंकाकू पुन्हा अमर होऊन त्याच्यापासून दूर जातं. तो एखाद्या मुलीच्या जवळ जाऊ लागला की ऐन वेळी मध्ये किंकाकू उभं राहतं. शेवटी जगायचं तर ते जाळलंच पाहिजे, या निष्कर्षाला तो पोचतो.

मिशिमाची ताकद अशी की हा निष्कर्ष वाचताना वेडेपणाचा वाटत नाही. पायरी-पायरीने तो आपल्यालाही तिथवर नेतो. परिपूर्ण चित्र डोक्यात बसलं की प्रत्यक्ष आयुष्य त्यापुढे सतत नापास होतं, हे आपल्या पिढीला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

कादंबरीतली आग खरी आहे. २ जुलै १९५० च्या पहाटे हायाशी योकेन नावाच्या २१ वर्षांच्या शिकाऊ भिक्षूने किंकाकू जाळलं. आशिकागा योशिमित्सुच्या १३९७ सालच्या निवासस्थानातली ही वास्तू, त्याच्यामागे झेन मंदिर झालेली, एका रात्रीत कोळसा झाली. मेजी काळातल्या दुरुस्तीच्या वेळी काढलेले नकाशे हाताशी होते, त्यांच्या आधाराने १९५५ साली ती पुन्हा उभी राहिली. १९८६-८७ मध्ये तिच्यावर नेहमीपेक्षा जाड सोन्याचा वर्ख नव्याने चढवला. म्हणजे मी पाहिलेली इमारत माझ्या वडिलांच्या पिढीची, आणि सोनं जवळपास माझ्या वयाचं.

‘मग ते खरं नव्हेच’ असं म्हणायचा मोह होतो. पण मला त्याहून मजेशीर गोष्ट दिसते. आगीपूर्वीचे फोटो पाहा : इमारत गडद, मळकी आहे, सोनं बहुतेक गेलेलं. मिझोगुचीची निराशा झाली ती ही. आज वरचे दोन मजले उन्हात जे लखलखतात, ते त्याला कधीच दिसलं नव्हतं. ते त्याच्या स्वप्नातलं, काचेच्या पेटीतलं किंकाकू आहे. जळाल्यानंतर जी बांधली गेली ती जणू मोठी केलेली प्रतिकृतीच. म्हणूनच आपल्यापैकी कुणाचीच तिथे निराशा होत नाही. आणि म्हणूनच बहुधा काही होतही नाही. मिझोगुची निदान अडखळला. चित्र आणि वस्तू यांच्यात फट होती, त्या फटीतून एक अख्खी कादंबरी आली. आपल्यासाठी ती फट बुजवून ठेवली आहे.

इथवर मी पूर्णपणे मिशिमाच्या बाजूने होतो. मग हायाशीबद्दल वाचलं, आणि कादंबरीवरचं प्रेम तसंच राहिलं तरी विश्वास थोडा हलला.

हायाशीही तोतरा होता, किनाऱ्यावरच्या खेड्यातला होता, त्याचे वडीलही पुजारी होते. मिशिमाचा नायक आग लावल्यावर डोंगरावर चढतो, जवळचा चाकू आणि विष फेकून देतो, सिगारेट ओढतो आणि ठरवतो की जगायचं. कमालीचा शेवट आहे. खरा हायाशी देवळामागच्या डोंगरावर जीव देण्याच्या प्रयत्नात अर्धमेला सापडला. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तो मनाने आजारी होता, फुप्फुसांनीही. १९५५ मध्ये सुटला आणि १९५६ च्या मार्चमध्ये क्षयाने गेला. त्याच वर्षी जानेवारीपासून ‘शिंचो’ मासिकात मिशिमाची कादंबरी क्रमशः छापून येत होती. त्याच्यावरून बेतलेला नायक सौंदर्यावर चिंतन करत होता, तेव्हा तो मरत होता.

आणि त्याची आई. आगीनंतर पोलिसांनी तिला क्योटोला चौकशीसाठी बोलावलं. परतताना होझु नदीच्या घळईत तिने धावत्या गाडीतून उडी मारली. कादंबरीत आई आहे, पण मुलाने मोठ्या देवळाचा प्रमुख व्हावं म्हणून हपापलेली, त्याला किळस येईल अशी. आगीपाशीच कादंबरी संपते, त्यामुळे ती गाडी तिच्यात येत नाही.

कादंबरीकाराला हा हक्क आहे, मला मान्य आहे. पण हक्काची किंमत बघायला हवी. मनातल्या सुंदर चित्रापायी खरी वस्तू कशी गिळली जाते, हे सांगणारी ही कादंबरी स्वतः तेच करते. गोंधळलेल्या, आजारी पोराच्या जागी ती एक देखणा तत्त्वज्ञ ठेवते. आज हायाशीचं नाव कुणाला आठवत नाही, मिझोगुचीचं आठवतं. हे कुणाला तरी टोचलं होतं. त्सुतोमू मिनाकामी हा लेखक स्वतः लहानपणी क्योटोच्या देवळात शिकाऊ म्हणून राबलेला, त्याच समुद्राकडच्या गरीब मुलखातून आलेला. त्याने १९७९ साली ‘किंकाकू एन्जो’ हे पुस्तक लिहिलं. त्यात सौंदर्याचा सिद्धांत नाही. हायाशीचं गाव, घर, देवळातलं जिणं, कबर यांचा शोध आहे. मिशिमाच्या शेजारी हे पुस्तक ठेवल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

क्योटोतल्या दुसऱ्या दिवशी मी सागानोची टुरिस्ट ट्रेन घेतली होती. उघड्या खिडक्यांचे डबे, खाली हिरवी नदी, नावेतून हात हलवणारी माणसं. पंचवीस मिनिटांत मी साठेक फोटो काढले. जुन्या सानइन रेल्वेमार्गाचा हा तुकडा नवा मार्ग झाल्यावर मोकळा पडला, तिथे १९९१ पासून ही पर्यटकांची गाडी धावते. घळई होझुची. हायाशीची आई ज्या मार्गाने परतत होती, तोच हा मार्ग.

मित्र क्योटोला जायला निघाले की माझ्याकडे प्लॅन मागतात. माझी एक शीट तयार आहे : कुठे किती वाजता, कुठली बस, काय खायचं. ट्रेनच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘खिडकीची सीट घ्या, व्ह्यू जबरदस्त.’ ते मी खोडलेलं नाही, व्ह्यू खरंच जबरदस्त आहे. त्याच्याखाली फक्त तिची गोष्ट चार ओळींत लिहिली आहे. परवा एका मित्राने विचारलं, हे कशाला, मूड जातो. मी म्हटलं, वाचून जा, मग फोटो काढ.