गंमत आणि विकृत वेष

हास्यरसाची उत्पत्ती विकृत वेषापासून होते, असे भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. बी. ए. च्या परीक्षेसाठी हे विधान आम्ही पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र खमरियास बदलून आल्यानंतर, जबलपुरातील एका क्रिकेट-संघाच्या वार्षिक मेळाव्यात आम्हांस कळला. आणि तोही उशिरा कळला.

संघाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सारी मंडळी नोकरदार, रविवारच्या सामन्यापुरती एकत्र येणारी. कोणी बंगाली, कोणी तमिळ, कोणी बुंदेलखंडी, आणि आम्ही दोघे-तिघे मराठी. तो मेळावा २०१९ च्या जानेवारीतला. जेवणापूर्वी वेषभूषेचा कार्यक्रम होता. चार गडी कमरेला पाने गुंडाळून, अंगास तेल-काजळ फासून, डोक्यात कोंबड्याची पिसे खोवून, हाती स्टंप नाचवीत आले. हिंदी चित्रपटांतले जंगलवासी ज्या निरर्थक आरोळ्या ठोकतात, त्याच ह्यांनीही ठोकल्या. मधोमध उभा केला होता आमचा यष्टिरक्षक, मंडला जिल्ह्यातील एक गोंड तरुण. त्याला काजळ लावलेले नव्हते. निवेदनात म्हटले होते की, सरदारास रंगाची गरज नाही, तो घरूनच तयार होऊन आला आहे. सगळे मैदान हसले.

ते निवेदन आम्ही लिहिले होते.

टीकाकाराने दुसऱ्याच्या लिखाणाचे परीक्षण करावे असा संकेत आहे. आज तो मोडून आम्ही आमच्याच एका वाक्याचे परीक्षण करीत आहोत. भरताने हास्याचे सहा प्रकार मानले असून, त्यांतील अखेरचे दोन अधम प्रकृतीच्या माणसांकडे सोपविले आहेत. त्यांपैकी अपहसिताची लक्षणे अशी: अस्थानी हसणे, हसताना डोळ्यांत पाणी येणे, खांदे व मस्तक गदगदा हलणे. त्या संध्याकाळी आमच्या डोळ्यांत पाणी आले होते. शास्त्रातील लक्षण इतके तंतोतंत जुळलेले आम्ही अन्यत्र पाहिले नाही.

कोणी म्हणेल, विनोदाला इतका काटेकोर न्याय लावू लागलो तर मराठी साहित्यातील निम्मे हास्य बाद करावे लागेल. तसे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा ज्या समाजाची टर उडवितो, त्या समाजाचा तो स्वतः घटक आहे. बंडूनाना आणि पांडूतात्या ह्यांच्याबरोबर तोही फजीत होतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव तर आपल्याच फजितीच्या हकीकती सांगत असतो. आमच्या वाक्यात फजीत होणारा एकच होता, बाकीचे सारे सुरक्षित. चौघांचे काजळ रात्री साबणाने गेले. वेष उतरविता येतो, हीच नटाची सोय. ज्याला वेष दिलाच नव्हता, त्याला उतरविण्यासारखे काय होते?

"पण तोही हसला ना!" हा बचाव तेव्हा आम्हीही केला होता. तो हसला हे खरे. परंतु त्याने न हसावयाचे ठरविले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्याला चिडका म्हटले असते, 'खेळाडूवृत्ती नाही' असा शेरा मिळाला असता, आणि हळूहळू त्याच्या जागी दुसरा यष्टिरक्षक आला असता. पुरुषांच्या संघात हसणे ही प्रवेशफी असते. ती सर्वांकडून सारखी घेतली जात नाही.

पूर्वी ही वसुली उघड होती. पळवणकर बाळू ह्यांनी पुण्यास युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे केली, आणि पुढे हिंदूंच्या संघातून गोलंदाजी केली. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सहकाऱ्यांना चालत असे. चहा मात्र त्यांना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड-दौऱ्यात ११४ बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांना मिळाले. मातीचे भांडे दिसते, म्हणून त्याचा निषेध करणे सोपे. ते पुढे गमतीत विरघळले, तेव्हा बोट कोठे ठेवावे हेच कळेनासे झाले.

वेस्ट इंडीजचे माजी कर्णधार डॅरेन सॅमी ह्यांचे प्रकरण ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. सनरायझर्स हैदराबाद संघात असताना त्यांना 'काळू' म्हणत, आणि त्याचा अर्थ बलवान घोडा असा असावा, अशी त्यांची समजूत होती. खरा अर्थ कळल्यावर जून २०२० मध्ये त्यांनी जाहीर विचारणा केली. एका सहकाऱ्याने दूरध्वनी करून, तो शब्द प्रेमानेच वापरला होता असे सांगितले, आणि सॅमींनी ते मान्य केले. आम्हीही प्रेम खोटे मानत नाही. मात्र ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याला शब्दाचा अर्थ ठाऊक नाही आणि करणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे, असे ते प्रेम होते.

आमच्या मेळाव्याच्याच महिन्यात, दूरचित्रवाणीवर स्त्रियांविषयी केलेल्या बढाईखोर बोलण्यावरून हार्दिक पंड्या व के. एल. राहुल ह्यांना निलंबित करून ऑस्ट्रेलियातून परत बोलाविण्यात आले. पुढे प्रत्येकी वीस लाखांचा दंडही झाला. आमच्या संघाचे मत असे पडले की, बिचारे सापडले. चुकले असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही.

आणि हे सारे जबलपुरात! जेथील विद्यापीठाला राणी दुर्गावतीचे नाव आहे. जेथे १८५७ च्या सप्टेंबरात गोंड राजा शंकरशाह व राजपुत्र रघुनाथशाह ह्यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. खेळाचाच दाखला हवा असेल तर १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय हॉकी संघाचे नायक जयपालसिंग मुंडा होते. (अंतिम सामन्यापूर्वीच ते संघातून बाहेर पडले, ती कहाणी निराळी.) ह्याच जयपालसिंगांनी डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत उभे राहून 'जंगली' हे विशेषण स्वतःस अभिमानाने लावून घेतले. शब्द तोच. त्यांनी तो आपल्या हाताने उचलला होता. आम्ही तो दुसऱ्याच्या डोक्यावर पिसांसारखा खोवला.

परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. आपल्या हिंदीतील मराठी हेलाची नक्कल कचेरीत झाली की, घरी येऊन आपण जेवणाच्या ताटावर धुसफुसतो. तीच नक्कल आपण मद्रासी म्हणून सर्व दाक्षिणात्यांची करतो, त्या रात्री मात्र जेवण व्यवस्थित जाते.

त्या हंगामानंतर आमचा यष्टिरक्षक खेळावयास आला नाही. नोकरीची वेळ बदलली, असे कारण त्याने कळविले होते, व ते आम्ही आनंदाने खरे मानले. सॅमींची बातमी वाचून अस्वस्थ झालो, तरी त्याच्याकडे जावयास आणखी वर्षभर लागले. सदर बाजारात एका दुकानाबाहेर तो भेटला. आम्ही "त्या दिवशीची ती गंमत..." एवढेच बोललो असू, तोच तो शांतपणे म्हणाला, "निवेदन तुम्ही लिहिले होते, हे मला तेव्हाच कळले होते, भाईसाहब. आपल्या संघात इतकी शुद्ध हिंदी दुसरा कोण लिहितो?"

मग त्याने दोन चहा सांगितले, आणि पैसे आम्हांस देऊ दिले नाहीत.