पराभवाचा हिशेब कोण लिहितो? ग्रीक युद्धेतिहास आणि आपले पानिपत

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या बाजूला जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. मागे एका कार्यशाळेसाठी दिल्लीला गेलो असताना तिथे चार दिवस मुक्काम होता. सोबत दोन पुस्तके होती : थ्युसिडिडीजच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद आणि ‘भाऊसाहेबांची बखर’. सदनाच्या खोलीत बखर वाचताना एक गोष्ट जाणवली, ती महाराष्ट्रात वाचताना कधी जाणवली नव्हती. बखरीतली ठिकाणे इथून जवळ आहेत. ज्या लाल किल्ल्यातल्या छताची चांदी सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी काढली, तो पाच-सहा किलोमीटरवर. दत्ताजी शिंदे जिथे पडले तो बुराडी घाट शहराच्या उत्तर टोकाला. पानिपत साधारण नव्वद किलोमीटर. हे नव्वद किलोमीटर आज दोन तासांत होतात. १७६० च्या नोव्हेंबरात भाऊंना तोच रस्ता बंद झाला होता.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे पूल पडला किंवा बॉयलर फुटला की चौकशी अहवाल लिहिला जातो, आणि तो कसा लिहावा हे मुलांना शिकवावे लागते. ‘अमुक माणूस निष्काळजी होता’ एवढ्यावर थांबलेला अहवाल मी परत देतो. भार किती होता, साहित्य कुठून आले, पहिली तडा कोणी पाहिली आणि कोणाला कळवली, हे त्यात यावे लागते. हरलेल्या युद्धाचा इतिहास हाही एक अहवालच असतो. या टिपणात आपण ग्रीक आणि मराठी युद्धवर्णने त्या नजरेने वाचणार आहोत.

‘ग्रीकांकडे थ्युसिडिडीज होता, आपल्याकडे नुसत्या बखरी,’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते कितपत खरे आहे, हा आपला प्रश्न.

१. तीन ग्रीक ग्रंथकार

हिरॉडोटसने इराणी सम्राटांच्या ग्रीसवरील स्वाऱ्यांचा इतिहास लिहिला. थ्युसिडिडीजने अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाचा लिहिला. हे युद्ध इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झाले आणि सत्तावीस वर्षे चालले. थ्युसिडिडीजचा ग्रंथ मात्र शेवटाआधीच थांबतो. त्यातला सर्वांत प्रसिद्ध भाग अथेन्सच्या सिसिली मोहिमेचा, म्हणजे इ.स.पू. ४१५ ते ४१३ चा आहे. झेनोफन इ.स.पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरसच्या भाडोत्री ग्रीक फौजेबरोबर इराणी साम्राज्यात गेला. सायरस कुनाक्साच्या लढाईत मारला गेला, ग्रीक सेनापती दग्याने पकडले गेले, आणि उरलेल्या सुमारे दहा हजार जणांना परत आणणाऱ्या नव्या सेनापतींत झेनोफनही होता. ‘अनाबासिस’ हे त्याचे पुस्तक या प्रवासाचे आहे.

सिसिलीची मोहीम आणि पानिपतची मोहीम शेजारी ठेवून पाहा. दोन्ही फौजा घरापासून फार दूर होत्या. दोन्हींबरोबर न लढणारी माणसे पुष्कळ होती. दोन्हींची रसद तुटली. दोन्हीकडे कोंडणारेच कोंडले गेले.

२. पहिली कसोटी : लेखक कुठे उभा आहे?

ज्याच्या नावाचा रस्ता सदनासमोरून जातो, त्या कोपर्निकसने आकाश बदलले नाही. पाहणारा स्वतः फिरत्या पृथ्वीवर उभा आहे, हे त्याने हिशेबात धरले. इतिहास वाचतानाही हेच आधी विचारा.

थ्युसिडिडीज स्वतः अथेन्सचा सेनापती होता. इ.स.पू. ४२४ च्या हिवाळ्यात ॲम्फिपोलिस शहर वाचवायला तो वेळेवर पोहोचला नाही. शहर गेले, आणि त्याला वीस वर्षे हद्दपारी भोगावी लागली. हे तो स्वतःच लिहितो, तृतीय पुरुषात, कोणतीही सबब न जोडता. पुढे तो सांगतो की हद्दपारीमुळे त्याला शत्रूच्या बाजूच्या लोकांतही वावरता आले. झेनोफनही स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहितो, पण तिथे सावध राहा. त्याच्या पुस्तकात योग्य सल्ला देणारा माणूस बहुतेक वेळा झेनोफनच असतो.

आता आपल्याकडे पाहा. नाना फडणीस पानिपतावर होते तेव्हा त्यांचे वय अठरा होते. आई आणि पत्नी बरोबर होत्या. आपल्या छोट्या आत्मवृत्तात ते अंगावरचे कपडे टाकून, ओळख लपवून, पायी कसे निसटले ते सांगतात. आई पुन्हा भेटली नाही. भाऊ जुन्या अनुभवी माणसांचे ऐकत नव्हते, ही तक्रारही त्यात आहे. लिहिणारा कुठे उभा आहे हे इथे स्वच्छ दिसते.

दुसरा साक्षीदार काशीराज पंडित. हा दक्षिणी ब्राह्मण अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या नोकरीत होता, म्हणजे लढाईच्या दिवशी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. भाऊ आणि शुजा यांच्यातला पत्रव्यवहार त्याच्या हातून जात होता. त्याने १७८० मध्ये फारसीत आपली हकिकत लिहिली. थ्युसिडिडीजला हद्दपारीने जी जागा दिली, तशी काशीराजला नोकरीने दिली. माणूस इकडचा आणि डोळे तिकडचे, अशी ही साक्ष आहे. तिला वगळून पानिपत वाचू नका.

‘भाऊसाहेबांची बखर’ मात्र आपण कुठे उभे आहोत हे सांगत नाही. ती बंद खोलीतली मसलतही ऐकते आणि रणांगणाच्या दोन्ही टोकांनाही असते.

३. दुसरी कसोटी : पोटाचा हिशेब

हिरॉडोटसने झर्क्सिसच्या फौजेची मोजणी कशी झाली ते सांगितले आहे. दहा हजार माणसे दाटीने उभी केली, त्यांच्याभोवती कुंपण घातले आणि मग ते कुंपण पुन्हा पुन्हा भरून रिकामे केले. पायदळ सतरा लाख निघाले. पुढे बाकीचे सैन्य आणि नोकरचाकर धरून तो एकूण आकडा ५२,८३,२२० वर नेतो. माणशी रोज एक खोइनिक्स धान्य धरले तर रोज १,१०,३४० मेदिम्नोस लागतील, असे तो लिहितो. एका मेदिम्नोसमध्ये ४८ खोइनिक्स असतात. वहीत भागाकार करून पाहा : उत्तर सुमारे १,१०,०६७ येते. हिरॉडोटसचा भागाकार चुकला आहे, आणि मूळ आकडा तर अशक्यच आहे. तरीही मला हा उतारा मोलाचा वाटतो. एवढ्या माणसांना धान्य पुरले कसे, याचे त्याला आश्चर्य वाटले आणि त्याने गणित मांडले. मांडलेले गणित चुकले तर अडीच हजार वर्षांनीही दुरुस्त करता येते.

थ्युसिडिडीज अधिक काटेकोर आहे. मोहीम निघण्यापूर्वी निसिअस हा सेनापती अथेन्सच्या सभेला सांगतो की गहू, भाजलेले जव आणि रोटी करणारे कारागीरही बरोबर न्यावे लागतील. दुसऱ्या हिवाळ्यात तोच निसिअस सिराक्यूजहून अथेन्सला पत्र पाठवतो. जहाजे पाण्यात राहून कुजली आहेत, खलाशी कमी होत आहेत, गुलाम पळून जात आहेत, वेढा घालायला आलेले आम्हीच वेढ्यात सापडलो आहोत, असा त्याचा आशय आहे. निरोप्या खरे सांगेल याचा भरवसा नसल्याने त्याने ते लिहून पाठवले, हेही थ्युसिडिडीज नोंदवतो. शेवटी किमान सात हजार माणसे कैद झाली. त्यांना दगडाच्या खाणींत डांबले गेले, आणि आठ महिने माणशी रोज पाव लिटरहून थोडे अधिक पाणी आणि त्याच्या दुप्पट मापाचे धान्य मिळत होते. नेमका एकूण आकडा सांगणे अवघड आहे, हेही तो कबूल करतो.

बखरीतही भूक आहे. पण ती हालअपेष्टा म्हणून येते, हिशेब म्हणून नाही. बखर पराभवाचे कारण मुख्यतः स्वभावांत शोधते : भाऊंचा ताठा, मल्हारराव होळकरांचे दुखावलेपण, गनिमी काव्याने लढावे की इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर भिस्त ठेवावी याचा वाद. यात तथ्य आहे. थ्युसिडिडीजही निसिअसचा भित्रेपणा आणि चंद्रग्रहणानंतर सत्तावीस दिवस न हलण्याचा त्याचा हट्ट लपवत नाही. पण स्वभाव कळल्याने धान्य कुठे अडले हे कळत नाही.

मग आपल्याकडे हिशेब नाहीच का? आहे, आणि भरपूर आहे. तो पत्रांत आहे. १७६० च्या पावसाळ्यात यमुना भरलेली असताना भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांमागून पत्रे लिहितात : नावा जमवा, पैसा पाठवा, धान्य पाठवा, दुआबातून शत्रूला जाणारी रसद तोडा. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरून भाऊ आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. डिसेंबरात गोविंदपंत दुआबात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ समजून घ्यायची असेल, तर ही साखळी आधी समजून घ्यावी लागते. अडीच महिने छावणीत कोंडलेले सैन्य आणि बाजारबुणगे काय खात होते, हे विचारल्याशिवाय होळकर रणांगणातून का निघाले हा वाद घालण्यात अर्थ नाही.

निसिअसच्या पत्रासारखी अनेक पत्रे आपल्याकडे आहेत. फरक एवढाच की निसिअसचे पत्र त्याच पिढीतल्या एका माणसाने आपल्या कथनात जिथे हवे तिथे ठेवले. आपली पत्रे दप्तरांत राहिली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून ती समोर आणली, तेव्हा लढाईला १३७ वर्षे झाली होती. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत पानिपतावर लिहिताना ती पुन्हा तपासली आणि दोषाची वाटणी राजवाड्यांपेक्षा वेगळी केली. असे वाद पत्रे छापलेली असल्यामुळेच शक्य होतात.

४. तिसरी कसोटी : भाषणे कुठून आली?

बखरीतली संभाषणे कल्पित आहेत, म्हणून बखर त्याज्य, असे म्हणणाऱ्यांनी थ्युसिडिडीजचा पहिला भाग वाचावा. भाषणे शब्दशः लक्षात ठेवणे कठीण होते. वक्ता एकंदरीत जे म्हणाला त्याला धरून, त्या प्रसंगी काय बोलणे योग्य ठरले असते ते मी लिहिले आहे, असे तो सांगतो. म्हणजे त्याचीही भाषणे त्याने रचलेली आहेत. पण त्याने रीत उघड केली. दत्ताजींच्या तोंडचे बुराडी घाटावरचे उत्तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. ते बखरीतून आले आहे, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही. उत्तर पाठ करू नये असे माझे म्हणणे नाही. ते कोणत्या प्रकारच्या पुस्तकातून आले एवढे सोबत सांगावे.

बखरीच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे म्हणतो. पानिपतानंतर थोड्याच वर्षांत लिहिलेली ही मराठी आजही कानाला जिवंत लागते. घराघरांत माणसे गेलेल्या समाजाने आपला शोक कसा सांगितला, याचा तो पुरावा आहे. हे काम पत्रे करत नाहीत.

५. बातमी कशी पोहोचली?

प्लुटार्क सुमारे पाचशे वर्षांनी लिहितो की सिसिलीची बातमी पिरेअस बंदरातल्या एका न्हाव्याच्या दुकानात कळली. न्हावी शहरात धावत गेला, तर अफवा पसरवतो म्हणून त्याचेच हाल केले गेले. थ्युसिडिडीज न्हाव्याचे नाव काढत नाही; सुटून आलेल्या सैनिकांवरही लोकांनी कितीतरी वेळ विश्वास ठेवला नाही, एवढेच सांगतो. नानासाहेब पेशव्यांना बातमी वाटेत सावकारी पत्रातून मिळाली. मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या नुकसानीच्या भाषेत त्यात माणसांचा मृत्यू लिहिला होता. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब वारले. आपल्या सर्वांत मोठ्या पराभवाची पहिली नोंद हिशेबाच्या भाषेत आली आणि तिच्यातल्या शेवटच्या रकमेला मोजदादच नव्हती, हे लक्षात ठेवा.

निष्कर्ष

‘आपल्याकडे थ्युसिडिडीज नाही’ हे वाक्य अर्धे खरे आहे. त्याला लागणारे साहित्य आपल्याकडे होते : पत्रे, नानांसारखा वाचलेला साक्षीदार, काशीराजसारखा पलीकडून पाहणारा. नव्हता तो त्याच काळात हे सगळे एका ठिकाणी आणून, स्वतःची जागा सांगून, हिशेब मांडणारा लेखक. म्हणून पराभव आपल्या भाषेत ‘पानिपत होणे’ असा वाक्प्रचार होऊन बसला, आणि वाक्प्रचाराला कोणी कारण विचारत नाही. तुम्ही विचारा.

स्वाध्याय

१. हिरॉडोटसचा धान्याचा भागाकार स्वतः करा. त्याच रीतीने पन्नास हजार माणसांच्या छावणीला अडीच महिन्यांत किती धान्य लागेल, ते किलोमध्ये काढा. माणशी रोजचे प्रमाण तुम्हीच ठरवा आणि ते का धरले ते लिहा.

२. बखरीतला एक प्रसंग निवडा. लेखकाला तो कसा कळला असेल, याचे दोन संभाव्य मार्ग लिहा.

३. तुमच्या गावातल्या किंवा महाविद्यालयातल्या एखाद्या फसलेल्या कामाचा एक पानी अहवाल लिहा. पहिल्या ओळीत तुम्ही त्या वेळी कुठे होता ते सांगा.