शेरखानचे लंगडणे कुठे गेले?

१९९३ साली दूरदर्शनवर मोगलीची जपानी मालिका लागली, तेव्हा हिंदीतल्या शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. तेव्हा शाळेत असलेल्यांच्या कानांत तो अजून असेल. पण हाताने रेखाटलेला खलनायक म्हणून अभ्यासायचा, तर डिस्नेच्या १९६७ सालच्या ‘द जंगल बुक’मधला वाघच समोर घ्यावा.

त्याची पहिली रूपे केन अँडरसन यांची. हालचाल रेखाटली मिल्ट काल यांनी. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला १२ चित्रे काढावीच लागतात. त्यात वाघ म्हणजे पट्टे! कूस वळली की पट्टाही वळायला हवा, पाय पुढे गेला की तो ताणला जायला हवा. एखादा पट्टा चुकून सरकला, तर पडद्यावर अंग लुकलुकते.

कालचे खरे सामर्थ्य शेरखानच्या खांद्यात आहे. मांजरकुळात गळ्याजवळचे हाड नावापुरतेच असते आणि खांद्याचे फाते स्नायूंमध्ये जणू टांगलेले असतात. म्हणून वाघ चालताना पाठीच्या रेषेवर एकदा डावा, एकदा उजवा खांदा वर येतो. शेरखान हरणावर दबा धरून सरकतो, तेवढा प्रसंग वर्गात दाखवून पाहा. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली आकृती चालू लागल्यासारखी वाटते.

त्याचे दुष्टपण मात्र खांद्यात नाही, सभ्यपणात आहे. अर्धा चित्रपट उलटेपर्यंत त्याच्याबद्दल नुसते ऐकू येते. आल्यावरही तो आरडाओरडा करत नाही. ‘का’ अजगराची उलटतपासणी तो अगदी अदबीने करतो आणि एकच नखी बाहेर काढतो. बाकीची पात्रे नाचतात, धडपडतात. हा हालचाल वाचवतो. खलनायक रेखाटू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने शिकावे ते हे.

माझी तक्रार वेगळी आहे. किपलिंगच्या पुस्तकातला शेरखान जन्मतःच एका पायाने लंगडा आहे. त्याची आईच त्याला लंगडी म्हणते. शिकार साधत नाही म्हणून तो गुरे मारतो आणि वैनगंगेकाठची गावे त्याच्यावर चिडतात. ही वैनगंगा म्हणजे शिवनीहून येऊन चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या मधून वाहणारी आपलीच नदी. डिस्नेने ते लंगडणे काढून टाकले आणि धडधाकट वाघाला माणसाचा द्वेष दिला. चित्र देखणे झाले, कारण मात्र गेले. पुस्तकातला वाघ निदान कशामुळे तरी तसा वागत होता.

अर्थात लंगडेपणाने सगळे उलगडते असेही नाही. जिम कॉर्बेट यांनी १९४४ साली नरभक्षक वाघांच्या जखमांवर आणि म्हातारपणावर बोट ठेवले, ते कुमाऊँच्या अनुभवावरून. ब्रह्मपुरीच्या बाजूला किंवा अलीकडे गडचिरोलीत माणसे मेली आहेत, ती पुष्कळदा मोहफुले, तेंदूपाने किंवा सरपण गोळा करायला गेलेली, वाकलेली, पाठमोरी. आईपासून सुटलेला तरुण वाघ स्वतःचा इलाखा शोधत शेतशिवारात येतो, तोही बहुधा ठणठणीत असतो. ज्या वर्गात अशा घरचे मूल बसलेले आहे, तिथे हा चित्रपट नुसती करमणूक म्हणून दाखवता येणार नाही. वाघ वाईट म्हणून माणूस मारतो, हे त्या मुलाला पडदा सांगतो. आणि वाघ बिचारा निष्पाप, हे शहरातले भित्तिपत्रक सांगते. दोन्हींत त्याच्या घरच्या दुःखाचा हिशोब नाही.

ताडोबाच्या तळ्याकाठी तारूचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गोंड गावप्रमुख पुढे देव झाला, असे सांगतात. त्या कथेत माणूस मरतो, त्याची पूजा होते आणि तरीही वाघाला दुष्ट ठरवण्याची गरज कुणाला पडलेली नाही. एवढे साधे कथानक डिस्नेच्या चित्रशाळेला पेलले नसते.

वहीच्या कोपऱ्यात पानागणिक एक चित्र काढून भरभर उलटले की वाघ चालतो, हे मुलांना ठाऊक असते. त्यांना आता किपलिंगचा लंगडा वाघ काढायला सांगावा. दुखरा पाय जमिनीवर थोडाच वेळ टिकतो, म्हणून तो टेकलेला असतानाची चित्रे कमी काढायची आणि त्या क्षणी डोके किंचित वर उचलायचे. पुढचा उजवा पाय घेऊन सुरुवात करावी. मागच्या पायाचे लंगडणे रेखाटायला जास्त अवघड जाते.