‘आळस’ की ‘अनास्था’?

ख्रिस्ती परंपरेतील सात प्रमुख पापांची नावे मराठीत देताना ‘अकेदिया’ या ग्रीक संज्ञेसाठी ‘आळस’ हा शब्द सहज योजला जातो. शब्द सुटसुटीत खरा. परंतु ज्या संकटापासून अंतःकरण राखावयाचे, त्या संकटाचे रूपच तो झाकून टाकतो.

इजिप्तच्या वाळवंटात ३९९ साली निवर्तलेल्या एवाग्रिउसने या विकाराचे जे वर्णन केले आहे, त्यात लोळत पडलेला मनुष्य कोठेच दिसत नाही. दिसतो तो भर दुपारी अस्वस्थ झालेला तपस्वी. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो; तो पुनःपुन्हा खिडकीकडे वळतो, कोणी बंधू येतो आहे का ते पाहतो; आपली कुटी, आपले हातकाम, सारेच त्याला नकोसे होते. पाचव्या शतकातील कासियन याच्याही पुढे जातो. दूरच्या आजाऱ्यांची विचारपूस, निराधार स्त्रियांचा समाचार अशी धर्मकृत्येही हाच विकार सुचवितो, असे त्याचे निरीक्षण आहे. येथे ‘आळस’ हा पर्याय पुरता कोलमडतो. उपासनेकडे पाठ फिरवून सत्कार्याच्या धावपळीत गुंतलेल्या माणसाला आळशी कोण म्हणेल? आणि तो स्वतः तरी सावध कशाने होईल?

कासियनने सांगितलेली पौल नावाच्या तपस्व्याची कथा या दृष्टीने मननीय आहे. त्याची वस्ती नगरांपासून इतकी दूर, की विणकाम बाजारात न्यावयाचे तर मिळकतीहून वाहतुकीचा खर्च अधिक. तरीही तो रोज खजुरीची पाने गोळा करून नेमलेले काम उरकी, आणि गुहा भरली की वर्षाचे सारे श्रम जाळून टाकी. हे निव्वळ उद्योगाचे माहात्म्य मानले, तर शेवटचा अग्नी निरर्थक ठरतो. पौल राखीत होता ते आपले चित्त.

सहाव्या शतकात पोप ग्रेगरीने हा विकार खिन्नतेत विलीन केला. पुढे पश्चिमेकडील लोकभाषांत त्याचा अर्थ कामचुकारपणापर्यंत घसरला, आणि मराठीने उचलला तो हा घसरलेला अर्थ. वस्तुतः मूळ शब्दाची घडण आपल्याला परकी नाही. ‘केदोस’ म्हणजे काळजी, आस्था. ‘अ’ हा अभावदर्शक. ‘अनास्था’ हा शब्द नेमका याच रीतीने घडला आहे. मराठी बायबलच्या अनुवादकांनी नीतिसूत्रांतील (४.२३) ‘लेव’ या हिब्रू शब्दासाठी ‘अंतःकरण’ योजले, हेही मार्मिकच म्हटले पाहिजे, कारण ‘लेव’मध्ये भावनेइतकीच बुद्धी आणि संकल्पशक्तीही अभिप्रेत आहे, आणि वेदान्ताच्या परिभाषेत अंतःकरणाचा पैसही तेवढाच आहे.

‘अनास्था’ हा पर्याय निर्दोष आहे, असे मात्र नव्हे. सरकारी कचेऱ्यांच्या संदर्भात झिजून तो थंड झाला आहे. दुपारच्या त्या उन्हातला उबग त्यात उतरत नाही. एवाग्रिउसच्या मराठी अनुवादकाला म्हणूनच काही स्थळी ‘अनास्था’, काही स्थळी ‘उबग’ असे दोन शब्द वापरावे लागतील. ‘आळस’ मात्र त्याला टाळावाच लागेल.