'किस्सा कुर्सी का' : लौकिक आणि चित्रपट

अमृत नाहटा यांच्या 'किस्सा कुर्सी का' या राजकीय प्रहसनाच्या प्रती आणीबाणीत नष्ट झाल्या. १९७८ मध्ये ते पुन्हा चित्रित होऊन प्रदर्शित झाले. त्याचा लौकिक मुख्यतः या दडपशाहीतून आला (कलाकृती सुमार असली तरी दडपशाही समर्थनीय ठरत नाही, हे वेगळे). चित्रपट मात्र त्या लौकिकास पुरा पडत नाही. शबाना आझमी यांनी साकारलेली मुकी स्त्री म्हणजे 'जनता'. हे रूपक एकदा उलगडले की शोधण्यासारखे फारसे उरत नाही. याउलट तेंडुलकर-लिखित, जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना'तील साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील अशा नामफलकावाचून उभा राहतो. सहकारी साखर कारखान्यांच्या नगर जिल्ह्यातील प्रेक्षक त्याला तत्काळ ओळखतो, आणि त्याच्यासमोर मान तुकवणारांत स्वतःलाही. नाहटांचा गंगाराम नुसता हसवतो.