वंशवृक्षात नसलेली माशी

२००७च्या पावसाळ्यात नागपूर विभागात मेंदूज्वराची साथ आली. ७८ संशयित रुग्ण, ३४ मृत्यू; बहुतेक लहान मुलं. मी तेव्हा दहा वर्षांचा, भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. मातीच्या भिंतींवर फवारणी झाली, आणि 'चांदीपुरा' हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. १९६५ साली नागपूरजवळच सापडलेला हा विषाणू मुख्यतः वालुमाशी पसरवते.

म्हणूनच 'प्लॉस निग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीजेस'मध्ये २०२३ साली आलेला वालुमाशीच्या जनुकसंचावरचा शोधनिबंध मी अधाशासारखा वाचला. त्यात प्रजाती दोन: आपल्याकडच्या जगातली फ्लेबोटोमस पापाटासी आणि अमेरिका खंडातली लुट्झोमिया लॉन्गिपाल्पिस. वास ओळखणारी, प्रतिकारशक्तीची जनुकं इतर कीटकांशी ताडून कुठली कुटुंबं वाढली, कुठली आटली, हे त्यात शोधलंय. दोन ब्रँचमधला फरक पाहून मूळ कोड कसा असेल ते ताडावं, तसंच हे. काम चोख आहे.

माझी तक्रार शीर्षकाशी आहे. ते 'जुनं जग' आणि 'नवं जग' म्हणतं, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच माशी येते. २००३च्या साथीनंतर करीमनगर जिल्ह्यात हा विषाणू सर्जेंटोमिया वंशाच्या माश्यांमध्ये मिळाला होता. ती या वृक्षात नाहीच. या वंशातल्या बऱ्याच माश्या पाली-सरड्यांचं रक्त पितात. मग त्यातल्या कुठल्या माणसाकडे वळल्या, आणि कधी? जनुकं याचं उत्तर देऊ शकतात, पण त्यासाठी आधी आमच्या भिंतींवरच्या माश्या पकडाव्या लागतील. फवारणी कुठे करायची, गोठ्यात की झोपायच्या खोलीत, हेही त्यावरच ठरेल.